भरून द्यायचा गुंड

२५ ऑक्टोबर, दवनीवाडा

राजदीप म्हणाला, "तुझी कुरकुर ऐकायला मी तिथं नसणार, डायरीत लिही." नवऱ्याचं आजवर ऐकलं नाही, एकदा ऐकून बघू. कुरिअरच्या ऑफिसातून दिवाळीला मिळालेली ही डायरी तशीही कोरीच होती.

काम सरळ आहे. लीलामावशीचं घर रिकामं करायचं. मावशी सप्टेंबरात गेली, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि घर शेजारच्या योगराजला द्यायचं ठरलं. पोराच्या लग्नाआधी मधल्या भिंतीला दार पाडून त्याला दोन्ही घरं जोडायची आहेत. २ नोव्हेंबरला किल्ली त्याच्या हातात. मी आठवडाभराची रजा टाकून आलेय, पण खरं सांगायचं तर तीन दिवसांत उरकेल. मला रिकामी जागा आवडते. ऑफिसात संध्याकाळी टेबलावर एक जरी पार्सल उरलं तरी मला जेवण जात नाही.

दोन खोल्या, मागे सपरी, म्हणजे उघडी पडवी. एक पलंग, एक पेटी, शिवणयंत्र, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. बाकी नुसती भांडी. एकट्या बाईला एवढी भांडी कशाला लागतात, देव जाणे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांदळाची पत्र्याची कोठी आहे, माझ्या छातीएवढी उंच. योगराज सकाळीच डोकावून म्हणाला, "कोठी राहू द्या ताई, तांदळासकट. लग्नात पाव्हन्याइले कामी येते." मी लगेच हो म्हटलं. तेवढंच ओझं कमी.

आणखी एक काम आहे, ते मात्र आईला सांगितलेलं नाही. मला तिचा गुंड शोधायचा आहे. पाणी भरायचा पितळेचा मोठा गुंड, आजीनं आईला लग्नात दिलेला, गळ्याशी 'गुलाब' असं आईचं नाव घातलेला. माझ्या बारशाला मावशी तो घेऊन गेली. "माझ्या घरी बारसं झालं का भरून आणीन," म्हणाली. मावशीला मूल झालं नाही आणि गुंडही परत आला नाही. मूल होणं-न होणं कुणाच्या हातात नसतं, पण गुंड परत करणं तर हातात असतं ना?

आई मागायला गेली नाही. "मागून आणलेलं आपलं नसते," म्हणते. लग्नकार्यात, जयंतीला दोघी बहिणी भेटायच्या, गोड बोलायच्या, पण मला सुट्टीत मावशीकडे पाठवणाऱ्या आईनं स्वतः या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही, मावशी गेली तेव्हाही अंगणातच बसली. गुंडाचा विषय निघाला की ती भाजी निवडायला घेते, आणि भाजी नसली तर निवडलेलीच पुन्हा निवडते. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, गोंदियाला आमच्याकडेच असते. तो गुंड एकदा तिच्या हातात ठेवायचा आणि विषय बंद करायचा, एवढंच माझ्या मनात आहे.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सारं भंगारात दे. मले तिथली काडी नको." मग थोडं थांबून, "पितळेचं काही दिसलं का?" म्हाताऱ्या माणसांना मध्येच कशाची हुक्की येईल सांगता येत नाही.

२६ ऑक्टोबर

आज भांडी खाली काढली आणि त्यांच्यावरची नावं वाचत बसले.

गंजावर, म्हणजे आमच्याकडच्या उभट पातेल्यावर, नाव 'सेवकराम'. उभ्या डब्यावर 'सुशिलाबाई'. एका पातेल्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' आणि खाली भलत्याच मुलीचं नाव. डबे, गडवे, ताटल्या, झाकण्या, ज्यावर त्यावर दुसऱ्याचं नाव. अर्ध्या गावाची भांडी आमच्या मावशीच्या घरात. आणि गुंडाचा पत्ता नाही.

म्हणजे आईचा गुंड हा एकटा नव्हता तर. मावशीला ठेवून घ्यायची सवयच होती. इतकी साधी, हसरी बाई, रविवारी मी आले की पान वाढून पंख्याने वारा घालणारी. माणूस कळत नाही हेच खरं.

राजदीपला फोन केला तर तो पोट धरून हसला. "तुझ्या मावशीनं भांड्यांचं दुकान टाकलं असतं तर चाललं असतं." आईच्या कानावर ते गेलंच. तिनं फोन हिसकून घेतला. "लीला चोट्टी नव्हती. समजलं? पुन्हा बोलू नको." आणि फोन ठेवून दिला. जिनं माझ्या जन्मापासून मावशीवर राग धरला तिला एकदम बहिणीचा पुळका. मी बाई यांच्यामध्ये पडतच नाही.

ठरवलं की बोभाटा न करता ज्याचं त्याला देऊन यायचं. भांड्यावर नाव आहे म्हणजे पत्ता आहे. आमचं कामच ते. दुपारभर चिंच आणि राख लावून एकूण एक भांडं घासलं. आरशात बघावं असं लख्ख केलं.

२७ ऑक्टोबर

सुरुवात शेजारच्या सुशिलाबाईंपासून केली. मावशीच्या वयाच्या, रोजची उठबस असलेल्या. त्यांच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी लेकी-जावई आलेले, ओसरीवर चपलांचा ढीग. मी जय भीम घालून डबा पुढे केला. त्यांनी हसत हसत झाकण उघडलं आणि चेहरा उतरला.

"काऊन वो, रिकामाच आणला?"

मी म्हटलं, स्वच्छ घासून आणलाय.

"ते दिसून रायलं." त्यांनी डबा माझ्या हातात परत दिला. "लीलाबाईनं जलमात मले रिकामा डबा नाई धाडला. तू आता रिकामा देतेस म्हणजे काय, आमचं येणं-जाणं सरलं म्हणतेस का? ती गेली, आता तुमचा आमचा कोणी नाई, असं?"

जावई चहा प्यायचे थांबले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, काकू, चुकलं. तशा त्या नरमल्या, पण डबा काही घेतला नाही. "काही का असेना, त्यात टाकून आण. चिमूटभर मीठ टाक. पण रिकामा नोको."

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. आईसुद्धा शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवत नाही, साखर तरी घालते. पण मी पार्सलच्या तोऱ्यात होते. पार्सल पोचलं, सही घेतली, काम संपलं, हेच डोक्यात. इतकी लख्ख भांडी घेऊन मी अख्ख्या गावाला 'तुमचा आमचा संबंध संपला' असं सांगत फिरणार होते. पहिल्याच घरी अडले हे नशीब.

आता प्रश्न हा की भरायचं काय? घरात मी आणलेला बिस्किटाचा पुडा आहे. आणि कोठीभर तांदूळ.

२८ ऑक्टोबर

मावशीचा तांदूळ चिन्नोरचा. कोठीचं झाकण काढलं की अख्ख्या घराला वास. योगराजला विचारून घेतलं, कारण कोठी त्याला कबूल केलेली. तो म्हणाला, "ले जाओ ताई, कितना लगेगा?" त्याला काय माहीत.

सुशिलाबाईंचा डबा तांदळानं भरून नेला. त्यांनी मूठभर नाकाशी धरला, डोळे पुसले, डबा आत नेला आणि आतून दुसराच डबा घेऊन आल्या. त्यावर 'लीलाबाई' असं नाव. आत चिवडा.

"हा तुमचाच हाये. कवापासून माझ्याकडे पडून होता."

आता हा डबा मी कुठं ठेवू? मी घर रिकामं करायला आलेय.

दिवसभर हेच चाललं. एक भांडं देऊन यावं तर मावशीचं म्हणून दुसरं हातात पडावं, तेही भरलेलं. गुळाच्या ढेपेसकट परात आली. मुगाच्या वड्या आल्या. एकीनं गुलगुले दिले, ते मी वाटेतच संपवले, तर डबा रिकामा झाला म्हणून पुन्हा भरायची जबाबदारी माझ्यावर. रात्री गावात मंडईतलं दंडारीचं नाटक आहे, सगळं गाव तिकडे चाललंय, आणि मी सपरीत बसून सकाळपेक्षा जास्त भांड्यांकडे बघतेय.

आईला हे सांगितलं तर ती इतकी हसली की राजदीपला पाठ चोळावी लागली म्हणे. कितीतरी दिवसांनी तिचं असं हसणं ऐकलं.

३० ऑक्टोबर

काल दिवसभर पाऊस, म्हणून बाहेर पडलेच नाही. धान कापून शेताच्या बांध्यांत पडलंय, त्यामुळे गावात कुणाचं बोलण्यात लक्ष नव्हतं. आज उघडलं तसं सगळे शेताकडे धावले. मी सेवकरामबाबांचा गंज घेऊन निघाले. ते बौद्ध वस्तीच्या टोकाला एकटेच राहतात, बायको वारली, स्वयंपाक स्वतः करतात.

मी धीर करून विचारलं की बाबा, तुमचा गंज मावशीकडे कसा राहिला?

"मंगळवारचा तो," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जूनपासून मावशीला चुलीपुढे बसवत नव्हतं. वस्तीतल्या बायांनी आपसात वार वाटून घेतले. सेवकरामबाबांनी मंगळवार मागून घेतला. "लाखोळीची डाळ तिले माझ्याच हातची आवडे. पहिले पहिले ती भांडं भरून परत धाडे. वाटीभर तांदूळ, दोन मिरच्या, काही का असेना. मंग हात उचलेना, तं भांडी रायली तिच्याजवळ. म्हणे, बाबा, बरी झाली का सारी भरून देईन. रिकामी कशी देऊ?"

मी परत येईपर्यंत स्वतःशीच हसत होते आणि रडतही होते. म्हणजे चोरी नाही, सवय नाही, काही नाही. ही गावानं तिला जेवू घातलेली भांडी. आणि दर रविवारी मी यायचे, ती जेवायला वाढायची, मी म्हणायचे, "मावशी, तुझ्या हाताला काय चव आहे गं!" ती मान डोलवायची. ते सगळं सुशिलाबाईंच्या हातचं. रविवार त्यांचा होता.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकटी नव्हती तं." आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली असेल. राजदीपला सांगितलं की तिला हळदीचं दूध दे.

३१ ऑक्टोबर

योगराज आला आणि दारातच थांबला. सपरीभर भांडी, वड्या, चिवडा, भोपळे दोन.

"ताई, घर खाली करून रायले का भरून रायले?"

मग कोठीत डोकावला. "तांदूळ तं पार खाली गेला."

मी म्हटलं, भाऊ, रविवारपर्यंत वेळ आहे. तो हसत मान हलवत गेला. भला माणूस आहे. त्याचीही एक पितळी त्या ढिगात सापडली. गुरुवार त्याच्या घरचा होता. त्यानं हे मला सांगितलं नव्हतं.

गुंड मात्र कुठेच नाही. गावात भांडी द्यायला जाते तिथं सहज नजर टाकते. पेटी उचकली, माळा झाडला, पलंगाखाली बघितलं. मावशीनं मोडीत घातला असेल. आता आईला काय सांगू? रविवार परवावर आला.

१ नोव्हेंबर

सापडला.

शेवटचं भांडं उरलं होतं, त्या 'मामाकडून सप्रेम भेट'चं पातेलं. कोठीत अर्धी वाकून मापानं तांदूळ काढत होते, तर माप टणकन वाजलं. हातानं तांदूळ सारला तर पितळेचा काठ. कोठीतच उतरले. गळ्याभोवती बोट फिरवलं तर 'गुलाब'. योगराजला मी ही कोठी पहिल्याच दिवशी देऊन मोकळी झाले होते. सुशिलाबाईंनी तो डबा परत फिरवला नसता तर मी तांदळाला हात लावला नसता, आणि हा गुंड उद्या योगराजच्या पाव्हण्यांत गेला असता.

गुंडाच्या तोंडाला मावशीच्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला. मला वाटलं, आत दागिना असेल. सोडून बघते तर काय, कचरा. आणि तोही माझाच. काळ्या मण्यांची मनगटी, बाळाची. एक लाल रिबीन. काडेपेटीत एक किडका दुधाचा दात. पाटीवरची पेन्सिल, शाळेचा बिल्ला, एका पायाची एवढीशी चप्पल. माझ्या लग्नातला बाशिंगाचा तुकडा. माझ्या ऑफिसचं कार्ड. आणि सगळ्यात वर माझं निळं पेन, जे मी ऑगस्टपासून ऑफिसभर शोधतेय.

मावशीला काही टाकवत नसे हे आता नक्की झालं. मी इथं येऊन जे जे विसरले ते तिनं उचलून गुंडात कोंबलं. आजीच्या इतक्या देखण्या गुंडाची अडगळीची पेटी केली. म्हटलं, आईला द्यायच्या आधी सगळं काढून टाकावं आणि चिंचेनं घासावं. पेपरवर सगळं ओतलं, पुडी बांधली, आणि गंमत म्हणून आईला फोन लावून काय काय निघालं ते वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

पेनापर्यंत आले तशी आईनं मला थांबवलं.

"खुशबू, ते सारं परत त्यात ठेव."

मी म्हटलं, अगं, घासायचाय तो.

"घासू नको. जसं होतं तसंच ठेव. दात काडेपेटीतच ठेव. मी येऊन रायली उद्या."

आई येणार. या घरात. मी पुडी सोडली आणि एकेक वस्तू परत ठेवली, पेन वर. पेन मला हवं होतं खरं.

२ नोव्हेंबर, गोंदिया

घरी परत आले. आजचं नीट लिहायचं आहे.

सकाळी राजदीप आईला घेऊन आला. आई उंबऱ्याशी थांबली, मग आत आली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसली. सुशिलाबाई आल्या. दोघींनी एकमेकींना जय भीम केला आणि सुशिलाबाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. मी गुंड पुढे ठेवला.

आईनं फडकं सोडलं. एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवू लागली. रिबीन बघून म्हणाली, "ही मी घरभर शोधली होती. तुले दोन थापडा बी दिल्या होत्या." मनगटी तळहातावर घेतली. "बारशाची हाये. त्याच दिवशी नेली असन तिनं, गुंडासोबत."

"भरून द्यायचा होता ना तिले," सुशिलाबाई म्हणाल्या. "दर साली नवा तांदूळ आला का गुंड कोठीत ठेवे अन् वरून तांदूळ घाले. औंदा हात उचलेना, तं तांदूळ साराले मलेच बोलावे. मी म्हणो, लीलाबाई, नेऊन दे ना आता. तं म्हणे, माझ्या घरचं बारसं तं झालं नाई. पण खुशबूचं जे जे माझ्या घरी राह्यते ते माझंच ना वो? त्यानंच भरतो. गळ्यापर्यंत आला का देतो. अजून बोटभर उणा हाये म्हणे."

आईनं गुंडात हात घातला आणि किती उणा आहे ते बघितलं. खरंच बोटभर उणा होता.

"रिकामाच आणला असता तं मी दार लावून घेतलं असतं का?" ती म्हणाली. "रिकामाच घेऊन यायचं होतं ना लीले. मी का गुंडाच्या वाटेकडे पाहून रायली होती? मी तुह्या वाटेकडे पाहून रायली होती."

आणि ती रडली. मीही रडले. राजदीप पाणी आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. काल मी ते सगळं पेपरात बांधून फेकणार होते. मावशी मला आपलं मूल समजत होती आणि मला ते तिचा गुंड हातात घेऊनही कळलं नाही. रविवारचं जेवण जेवून मी डबे, पेनं, रुमाल विसरून जायचे आणि ती खूश व्हायची, हे आता कळतंय.

रडून झाल्यावर आईनं सगळं परत गुंडात ठेवलं. कोठीच्या तळाला राहिलेला तांदूळ ओंजळीनं घेतला आणि वरून घालत गेली, गळ्यापर्यंत. हातानं सपाट केला. "आता भरला," म्हणाली आणि फडकं बांधलं. सुशिलाबाईंनी हात लावला, तसा तिनं तो उचलून कडेवर घेतला. या वयात गुंड कडेवर. मी घेते म्हटलं तर डोळे वटारले.

दुपारी योगराज आला. भांडी, वड्या, भोपळे सगळं टेम्पोत चढलं होतं. खोल्या झाडून काढलेल्या. मला हवं होतं तसं घर अगदी रिकामं. मी किल्ली पुढे केली, तर आईनं माझा हात धरला.

"रिकामं घर देतेस का?"

टेम्पोतून मावशीच्या नावाचा एक डबा तिनं उतरवला. चिन्नोरचे चार दाणे त्यात चिकटलेले होते. वर चिवडा भरला, गुळाचा खडा ठेवला आणि डबा चुलीजवळच्या फळीवर नेऊन ठेवला. मग म्हणाली, दे आता किल्ली.

योगराजला ते पटलं. फळीवरचा डबा उघडून त्यानं बघितलं, झाकण लावलं. "आई, हा डबा कुठं आणून देऊ? गोंदियाले?"

"गोंदियाले," आई म्हणाली. "पोराचं लग्न झालं का सूनबाईले घेऊन ये."

"भरून आणतो ना."

आई टेम्पोत बसली होती, गुंड मांडीवर. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवला.

"भरून नाई झाला तरी येजो, बाबू. रिकामा घेऊन येजो."